सातव्या रांगेतला नंबर

६ ऑक्टोबर, सोमवार

ताईनं कामाला लावलं. तिच्याच ऑफिसात.

ही डायरी बियाण्याच्या कंपनीची, दोन वर्षं जुनी. वार जुळत नाहीत म्हणून छापलेले खोडून हातानं लिहितोय. रोज लिहीन असं काही नाही.

ऑफिस म्हणजे आदिलाबादला बस स्टँडच्या मागे, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. आठ माणसं. मालक राघवेंद्र सर. इथलेच, पण बरीच वर्षं हैदराबादला मोठ्या कंपनीत होते. काम असं की कापूस विकायचा तर आधी अर्ज भरून नाव नोंदवायचं. मग कोणत्या तारखेला यार्डात गाडी आणायची त्याचा मेसेज मोबाईलवर जातो. तो मेसेज आम्ही पाठवायचा. चौदा हजार नावं आहेत. अठ्ठावीसला यार्ड उघडणार. त्या सकाळी सहाला सगळ्यांना आपापली तारीख गेली पाहिजे, दहा मिनिटांच्या आत. मागच्या आठवड्यात नुसते चाचणीचे मेसेज सोडून बघितले तर एक तास वीस मिनिटं लागली. पंचवीसला वरचे साहेब स्वतः येऊन घड्याळ लावून बसणार. तेव्हाही असंच झालं तर काम दुसऱ्या पार्टीला आणि आमच्या ऑफिसला कुलूप. म्हणजे ताईच्या नोकरीलाही. मार्चपासून घर तिच्यावरच आहे.

सरांनी विचारलं, "हे सर्व्हरचं कुठं शिकलास?"

"हैदराबादला. सर्व्हर ठेवायच्या एका जागी होतो चार महिने."

"मग सोडलं काऊन?"

"असंच."

सरांनी ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, "सर, बसला की करते तो. फक्त बसला पायजे."

खुर्ची बरी आहे. एक चाक तुटलंय, पण गोल फिरते.

८ ऑक्टोबर, बुधवार

आतापर्यंत सर्व्हरची मशीन ऑफिसातला नागसेन बघायचा. त्यानं मला बसवून समजावलं. मेसेज सरळ शेतकऱ्याकडे जात नाही. मधे ब्रोकर असतो. तो एका बाजूनं निरोप घेतो, लिहून ठेवतो, रांगेत लावतो. दुसऱ्या बाजूचा प्रोग्रॅम रांगेतून एकेक निरोप उचलतो आणि मोबाईलवर धाडतो. असे तीन ब्रोकर आहेत. एक पडला तर त्याची नक्कल दुसऱ्याकडे असते. तिघंही एकाच मशीनवर, तीन वेगवेगळ्या कंटेनरमध्ये. ऑफिसात त्यांना डबे म्हणतात.

"पहिला डबा गरीब आहे," नागसेन म्हणाला, "दुसरा दर वीस मिनिटांनी मरते अन् तिसरा काय करते ते मले पन मालूम नाई. आता तुजे पोट्टे हायेत, सांभाळ."

घरी आईनं विचारलं काय काम आहे. म्हटलं, ब्रोकर नीट करायचे. आई म्हणाली, "म्हणजे दलालाकडे लागला काय रे बाबू?" ताई हसली. आई तिच्याकडे बघतच राहिली.

११ ऑक्टोबर, शनिवार

दुसरा डबा का मरतो ते सापडलं. डब्याला दोन जीबी मेमरी दिलेली आणि आतल्या प्रोग्रॅमलाही सांगितलेलं की दोन जीबी घे. मग बाकीच्याला जागा कुठून राहणार. ठरल्यापेक्षा वर गेला की सिस्टिम डबा मारून टाकते आणि परत उठवते. उठायलाच त्याला चार-पाच मिनिटं. मी आतल्याला एकच जीबी दिली. कमी दिल्यावर जास्त चालतो. उरलेल्या जागेत नुकतेच आलेले निरोप हाताशी राहतात, डिस्कपर्यंत जावं लागत नाही.

एक तास दोन मिनिटं.

सर खूश झाले. मला काही वाटलं नाही. हल्ली जेवल्यावर जेवलो असंही वाटत नाही, ताट धुताना कळतं.

ताई दुपारच्या सुट्टीत जिन्यात उभी असते, फोन कानाला लावून. बोलत नाही, नुसती ऐकते. मग ठेवते आणि वर येते. कोणीतरी असेल तिचं. असू दे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज ऑफिसला गेलो नाही. निघालो होतो, पण स्टँडवर निर्मलची बस लागलेली होती आणि खिडकीची जागा मोकळी. गुडीहत्नूर गेलं, नेरडीगोंडा आलं, तिथं उतरलो. तिथल्या धाब्यावर मी दोन वर्षांपूर्वी सव्वा महिना कामाला होतो. मालक बदललाय. तिथून कुंटालाच्या धबधब्याला गेलो, एका दूधवाल्याच्या गाडीवर मागे बसून. पाणी भरपूर होतं. तासभर बघितलं. पाणी पडत होतं.

संध्याकाळी ताईनं जेवायला वाढलं. तिनं ऑफिसात सांगितलं होतं की मला ताप आहे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

तीन गोष्टी केल्या. निरोप डब्याच्या आतच लिहिले जात होते, ते बाहेर मशीनच्या मुख्य डिस्कवर लिहायला लावले. आतलं लिहिणं म्हणजे घराच्या आत घर बांधून त्यात वही ठेवल्यासारखं. दुसरं, निरोप एकेक न देता जरा थांबून गठ्ठ्यानं द्यायचे. तिसरं, रांगा तीनच होत्या, त्या बारा केल्या, आणि उचलणारे पण बारा.

एक्केचाळीस मिनिटं.

नागसेननं माझ्या पाठीवर थाप मारली. तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला. गुडीहत्नूरकडचा कोणी होता. "सायेब, हे टेस्टचं पाचवं मेसेज हाये. मी पास झालो का फेल, तेवढं सांगा." नागसेन म्हणाला, "काका, अजून पेपर तपासून राह्यलो."

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

गठ्ठा मोठा केला, एक्केचाळीस. गठ्ठा लहान केला, एक्केचाळीस. डब्यांना प्रोसेसर वाढवून दिला, एक्केचाळीस. मशीन झोपलेली आहे. काही काम करत नाही आणि तरी एक्केचाळीस मिनिटं लागतात.

सर म्हणाले आठ दिवस राहिले. म्हटलं हो.

खिडकीतून समोरच्या गॅरेजचा बोर्ड दिसतो. त्यावरचा पेंटर 'रेडिएटर' लिहीत होता. 'टर' ला जागा उरली नाही तर त्यानं ते खालच्या ओळीत घेतलं. बराच वेळ बघत होतो.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सगळ्या रांगांची वेळ वेगवेगळी काढली. हे पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं. अकरा रांगा चार मिनिटांच्या आत रिकाम्या होतात. सातवी एकटीच एक्केचाळीस मिनिटं चालते.

इथला नियम असा आहे की एका मोबाईल नंबरचे सगळे निरोप एकाच रांगेत पडतात, म्हणजे आधीचं आधी आणि नंतरचं नंतर जातं. निरोप पोचला नाही तर पाच सेकंद थांबायचं आणि परत पाठवायचं. असं तीनदा. तोपर्यंत मागचे सगळे उभे.

सातवी रांग उघडून बघितली. एकच नंबर. तोच, तोच, तोच. मोजले तर एकशे त्रेसष्ट. दर वेळी फोन बंद. एकशे त्रेसष्ट गुणिले पंधरा सेकंद म्हणजे चाळीस मिनिटं पंचेचाळीस सेकंद.

हिशोब बरोबर जुळला.

खाली चहा प्यायला गेलो. चहावाल्याकडे नवीन पोपट आहे. तो तेलगूत 'रा, रा' म्हणतो, म्हणजे ये, ये. गिऱ्हाईक आलं की म्हणतो आणि गेल्यावरही म्हणतो. चहावाला म्हणाला, दोनच दिवसात शिकला. दोन चहा झाले.

तो नंबर बाबांचा आहे. शेवटी ४४१.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. यंदा आमच्याकडे नाही. शेजारणीनं ताट झाकून आणून दिलं. आईनं करंजी हातात घेतली आणि परत ठेवली. मी चार खाल्ल्या.

बाबा मार्चमध्ये गेले. भीमपूर मंडलात आमच्या गावी त्यांचं किराणा दुकान होतं, दुकानातच गेले. मी तेव्हा टॉवर उभारणाऱ्या टोळीबरोबर रायपूरच्या पुढे होतो. सिम बदललं होतं, घरी नवा नंबर दिला नव्हता. देणार होतो. चौथ्या दिवशी कळलं. हे आधी लिहायचं राहिलं होतं म्हणून लिहिलं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

ऑफिस चालू. दुरुस्ती साधी आहे, नागसेन आणि मी मिळून दोन तासांत केली. जो निरोप पोचत नाही त्याच्यापाशी थांबायचं नाही. तो उचलून वेगळ्या रांगेत ठेवायचा, न पोचलेल्यांची रांग. मागच्यांना जाऊ द्यायचं. आधीच असं असायला पाहिजे होतं.

तीन मिनिटं बावन्न सेकंद.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी समोसे मागवले. सर म्हणाले, "प्रवीण, तुला कुठून शोधून आणलं रे हर्षालीनं!" ताईनं समोसा खाल्ला नाही, कागदात गुंडाळून ठेवला. तिला पित्ताचा त्रास आहे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी चालत ऑफिसला जाताना ताईनं विचारलं, "त्या वेगळ्या रांगेत किती पडले?"

"एकशे त्रेसष्ट."

"आपल्या गावचे."

"हो."

"मग त्याईले तारीख कशी कळणार?"

"ते बाजूला ठेवलेत न."

"बाजूला ठेवले म्हणजे पोचले काय रे?"

खरं सांगायचं तर गावाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी रांगच बघत होतो.

नंतर कळलं की भीमपूरकडचे अर्ज ताईनंच मशीनमध्ये भरलेत. तिला म्हटलं, "मग दिसलं नाही तुला, एकच नंबर आहे म्हणून?"

"दिसलं."

"बोलली काऊन नाहीस?"

"लोकांनी अर्जावर जो लिहिला तो टाकला. माझं काम तेवढंच."

नागसेन म्हणतो की ताईनं कॉपी-पेस्ट केलं नाही. प्रत्येक वेळी दहाच्या दहा आकडे हातानं टाकले, पूर्ण दोन दिवस लागले. कॉपी केलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. ताईला कॉम्प्युटरचं तेवढं समजत नाही.

सरांना विचारलं काय करायचं. सर म्हणाले, उद्या गावी जा, लोकांचे खरे नंबर आण. यादी पंचवीसच्या संध्याकाळी बंद होते. नंबर मिळाले नाहीत तर त्या लोकांची तारीख चुकेल, तारीख चुकली की पुन्हा अर्ज, आणि मग महिना-दीड महिना कापूस घरातच.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळच्या बसनं निघालो. वाटेत एका गोंडांच्या गावात दंडारी चालू होती, त्यांचा दिवाळीतला नाच. मोरपिसांचे मोठे टोप घातलेले गुसाडी, अंगाला राख, हातात काठ्या. बस त्यांच्यासाठी थांबली. मी बघायला म्हणून उतरलो आणि बस गेली. पुढची दोनला. एका गुसाडीनं माझ्याजवळ विडी मागितली. टोपाच्या आत घाम होतो का विचारलं, तर म्हणाला, "तू घालून बघ." पण घालू दिला नाही.

गावात पोचायला तीन वाजले. दुकानाचं शटर बंद. ओट्यावर दादाजी बसलेले, म्हणजे आमच्या मागच्या घरचे म्हातारे काका. सत्तरीचे असतील.

"का रे, तू सुधाकरचा न? इतका वाळला काऊन?"

"काका, तुमचा मोबाईल नंबर पाहिजे. कापसाच्या अर्जावर बाबांचा लिहिलाय तुम्ही. तो बदलायचा."

"बदलाचा काऊन? राहू दे न त्याचाच."

"बाबा नाहीत न आता."

"मले सांगते! खांदा मीच देला न त्याले. तू कुठं होता?" मग म्हणाले, "पन नंबर तं हाये न?"

मी म्हटलं फोन बंद आहे. ते म्हणाले, "मंग चालू कर."

अजून पाच-सहा जण जमले. सगळ्यांचं एकच. मेसेज तेलगूत येतो आणि गावात तेलगू वाचता येणारी पोरं आदिलाबादला नाहीतर हैदराबादला हॉस्टेलात, फोन त्यांच्याजवळ. ज्यांच्याजवळ आहे त्यांना घरात रेंज नाही. गावात रेंज येते ती एकट्या आमच्या दुकानाच्या ओट्यावर, कारण जागा उंच आहे. म्हणून अर्जावर नंबर म्हटलं की सगळ्यांनी सवयीनं बाबांचाच लिहिला. सहा वर्षांपासून तेच चालू आहे. बाबा गेल्यावर काय करायचं हे कोणी कोणाला विचारलं नाही.

दादाजी म्हणाले, "सात वाजता उभा राहे तुजा बाप, इथंच. एकेकाचं नाव घे अन् तारीख सांगे. एकाच तारखेचे दोघं निघाले का तिथंच त्याईची गाडी एक करून दे. दोघाईचं पटत नसलं तं जास्तच करे." सगळे हसले. "मंग म्हने, गाडीत बसा दोन तास, बोलान आपोआप."

हे मला माहीत नव्हतं. बाबा दुकानात असायचे एवढंच माहीत होतं.

घरोघर फिरलो. एकतीस नंबर मिळाले. बाकीच्यांनी दारातूनच सांगितलं, सुधाकरभाऊचा आहे न, तोच राहू दे. एका बाईनं तर मलाच समजावलं, "असं मेलेल्या मानसाचं नाव खोडत नाईत बाबू."

परतीच्या बसमध्ये झोप लागली. स्टँडवर कंडक्टरनं उठवलं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

साहेब आले. दोघं होते. चाचणी लावली. तीन मिनिटं एकोणपन्नास सेकंद. त्यांनी सरांचा हात हातात घेतला. एकानं विचारलं, न पोचलेले किती? सर म्हणाले, "एकशे बत्तीस. चौदा हजारात एक टक्का पण नाही." साहेब म्हणाले उत्तम.

काम आमच्याकडेच राहिलं. ताईची नोकरी राहिली. मला आनंद व्हायला पाहिजे होता, म्हणून मी हसलो.

ते गेल्यावर सरांना विचारलं, आमच्या गावाला मेसेज मराठीतून जाणार नाही का, निदान पुढे. सर म्हणाले, "मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो. अर्ज टाकू आपण, पण तीन आठवडे धर. आणि रेंजचं काय करशील?"

संध्याकाळी यादी बंद झाली. सातव्या रांगेत एकशे बत्तीस.

२६ ऑक्टोबर, रविवार

सुट्टी. जेवताना आईला विचारलं, "बाबांचा फोन कुठाय?"

आईनं ताईकडे बघितलं.

"कशाले पायजे?" ताई म्हणाली.

"चालू करतो. अठ्ठावीसला दुकानापाशी बसून वाचून दाखवतो. मला तेलगू येतं, हळू येतं, पण येतं."

"सिम बंद पडलं असन."

"नाई पडलं," आई म्हणाली. "हर्षाली पैसे भरते न दर महिन्याले त्यात."

"आई, तू गप बस."

मी म्हटलं, बंद फोनमध्ये कशाला भरायचं. ताई म्हणाली, नाहीतर नंबर दुसऱ्याला देऊन टाकतात कंपनीवाले. मी म्हटलं, मग चांगलंच झालं, भरलेला आहे तर वापरू.

ताई ताटावरून उठली. "चालू केला का रिंग जाईन. कोनी लावला तं कोनीतरी उचलन."

"मी उचलीन न."

"तेच तं."

मला कळलं नाही. ती हात धुऊन आली तेव्हा आवाज नेहमीसारखा होता. "बरं. अठ्ठावीसले वाचशील. अन् एकोणतीसले? यार्ड फेब्रुवारीपर्यंत चालते. ज्याची तारीख उद्या त्याले आज सकाळी आठवणीचा मेसेज जाते. तारखा बदलतात, त्याचे वेगळे. लोक ओट्यावर येऊन बसतीन. तू कुठं असशील? रायपूरले?"

"माहीत नाही."

"मग नाही देत मी."

"बरं," म्हटलं.

बाहेर गेलो. स्टेडियमवर पोरांची क्रिकेटची मॅच होती, तिथं अंपायर नव्हता म्हणून मला उभं केलं. दोघांना चुकीचं आउट दिलं बहुतेक. परत आलो तेव्हा माझ्या बॅगवर फोन ठेवलेला होता, चार्जर पण. वायर नीट गुंडाळून रबर लावलेला. ताई आत भाजी निवडत होती.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळच्या बसनं गाव. यावेळी उतरलो नाही कुठे.

दुकानाचं शटर अर्ध्यात अडकलं. वाकून आत गेलो. बिस्किटं उंदरांनी खाल्लीत, निरमा तसाच आहे. ओट्यावर बसून फोन चालू केला. आधी कंपनीचं गाणं वाजलं आणि मग मेसेज यायला लागले. बंद असताना कोणाकोणाचे फोन येऊन गेले त्याच्या सूचना होत्या. नागसेनला फोन करून विचारलं, तो म्हणाला, या सूचना आठवडाभराच्याच राहतात, त्याच्या आधीच्या नाही.

सहा होत्या. सगळ्या ताईच्या. पाच दुपारी दीडच्या आसपास आणि एक काल रात्री साडेआठला. मला लावायला जाते आणि चुकून बाबांचा लागतो बहुतेक, फोनमध्ये वरखाली असतील नावं. सांगायला पाहिजे तिला.

दीड वाजता फोन वाजला. ताईचा. उचलला, म्हटलं, "हॅलो." ती काही बोलली नाही. मी म्हटलं, "ताई, मी आहे, पव्या. अगं चुकून लागला तुझा." ती म्हणाली, "हं." मग म्हणाली, "जेवलास?" म्हटलं, नाही अजून. "दादाजींकडे जेव," म्हणाली आणि ठेवला.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

साडेपाचला उठलो. दुकानातच झोपलो होतो, पोत्यांवर. ओट्यावर आलो तर आधीच वीस-पंचवीस माणसं बसलेली. कोणी बोलावलं नव्हतं.

सहा वाजता फोन हातात धरून बसलो. सहा वाजून एक मिनिटाला पहिला आला. मग थांबेचना. फोन हातात नुसता थरथरत होता. सहा वाजून तीन मिनिटांनी एकशे बत्तीसावा आला. मग शांत. तिकडे ऑफिसात सातवी रांग रिकामी झाली असणार. एकही बाजूला पडला नाही.

सात वाजता उभा राहिलो. आधी बसूनच वाचत होतो तर दादाजी म्हणाले, "उभा राहून. मागं आयकू नाई येत."

तेलगू हळू येतं म्हटलं होतं, ते फारच हळू निघालं. पहिल्या दहा नावांना पाऊण तास लागल्यासारखं वाटलं, घड्याळात नऊ मिनिटं. एकानं विचारलं, "हा कोणत्या वर्गात हाये?" दुसरा म्हणाला, "चूप, सुधाकर पन पहिल्या वर्षी असाच वाचे." मग वेग आला. मेसेजची सुरुवात सगळीकडे सारखीच, नाव आणि तारीख तेवढी बदलते. हे कळल्यावर मी नाव आणि तारीखच वाचायला लागलो. माणसं हात वर करत होती. एका तारखेला दोघं निघाले, चुलतभाऊ, त्यांच्यात बांधावरून बोलणं बंद आहे म्हणे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, "गाडी एकच करा." दोघांपैकी कोणी नाही म्हटलं नाही.

साडेआठला एकशे एकतीस झाले. एक राहिलं. गिरजाबाई, नाल्यापलीकडे राहते, एकटीच असते. तीनदा नाव घेतलं. कोणी हात वर केला नाही.

फोन खिशात ठेवला आणि म्हटलं, झालं. दादाजी जागचे हलले नाहीत. "झालं कुठं? जाऊन सांगाव लागते."

"कोणी जाणारं असेल तिकडे तर सांगा न."

"तुजा बाप जाये."

गेलो. नाल्यात गुडघाभर पाणी होतं, चप्पल हातात घेतली. पलीकडे एका खेकड्यामागे जरा वेळ गेला. गिरजाबाईचं घर एका टोकाला. ती अंगणात कापूस वाळवत होती, खाली बसून एकेक बोंड हातानं साफ करत होती. डोळ्यांनी कमी दिसतं तिला. पावलांचा आवाज ऐकून म्हणाली, "आला काय सुधाकर? कोनती तारीख?"

मी म्हटलं, "एकोणतीस. उद्या."

"बरं," म्हणाली. मग म्हणाली, "बस. चहा ठेवते."

बसलो. तिनं चहा ठेवला, कपात ओतताना माझ्याकडे नीट बघितलं, खूप वेळ. कप हातात दिला. कप गरम होता. हाताला भाजलं, तसाच धरून बसलो. दुकानावर येईपर्यंत बोटं लाल होती.

परत ओट्यावर येऊन वेळ बघितली. नऊ वाजून चाळीस. सरांचा फोन आला तेव्हा ते ओरडतच होते. "तीन मिनिटं चव्वेचाळीस सेकंद! चौदा हजारच्या चौदा हजार पोचले, प्रवीण! तुझं सातव्या रांगेतलं पण, एकशे बत्तीस, सगळे तीन मिनिटांत!"

"सर, इथं तीन तास चाळीस मिनिटं लागली," म्हटलं.

"कशाला?"

"पोचायला."

त्यांना नीट ऐकू आलं नाही बहुतेक. म्हणाले, आदिलाबादच्या पलीकडे पण दोन जिल्ह्यांचं काम मिळतंय, आधी करीमनगरला जाऊन डबे बसवायचे, गाडी देतो, राहायची सोय करतो, तुला फिरायला आवडतं असं हर्षाली म्हणते. उद्या सकाळी ऑफिसला ये, बोलू.

म्हटलं, "सर, उद्याचं जमणार नाही. उद्या एकोणीस नावं आहेत."